पॉलिसी-आरसी.डी आणि मास्क: आठ महिने वापरल्यानंतर

डेबियन या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (मुख्य यंत्रावरच वेगळ्या चालणाऱ्या छोट्या प्रणालीत) जुन्या इनिट स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्ट, आपोआप चालू होऊ नयेत म्हणून गेले आठ महिने मी दोन गोष्टी रोज वापरतोय: पॉलिसी-आरसी.डी ही दोन ओळींची फाइल आणि सिस्टिमडीचं (बूटपासून सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) मास्क. दोन्ही कामाच्या आहेत. मात्र पहिली कधी काढून टाकायची हे मला उशिरा कळलं.

सुरुवात झाली ती डीबूटस्ट्रॅप या टूलने कंटेनरची रूट फाइलसिस्टिम, म्हणजे त्याच्या सगळ्या फाइलींचं झाड, बनवताना. क्रूट करून (तेच फोल्डर रूट मानून) आत वेब सर्व्हर इन्स्टॉल केला आणि पॅकेजच्या पोस्टइन्स्ट (इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या) स्क्रिप्टने नेहमीच्या सवयीने तो सुरूही केला. क्रूटला स्वतःचं वेगळं नेटवर्क नसतं, त्यामुळे सर्व्हर थेट होस्टच्या (मुख्य यंत्राच्या) पोर्ट ८० वर जाऊन बसला. शेवटी अनमाउंट करायला गेलो तर 'टार्गेट इज बिझी'. कोणती प्रोसेस धरून बसली आहे ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

यावर पॉलिसी-आरसी.डी हा अगदी नेमका उपाय आहे. यूएसआर-एसबिन फोल्डरमध्ये या नावाची शेल स्क्रिप्ट ठेवायची आणि आत फक्त 'एक्झिट १०१' लिहायचं. पॅकेजं सर्व्हिस सुरू करण्यासाठी इन्व्होक-आरसी.डी वापरतात आणि ते आधी या फाइलला विचारतं. १०१ म्हणजे मनाई. एक्झिक्यूट बिट (चालवण्याची परवानगी) द्यायला मात्र विसरू नका. तो नसेल तर फाइल नसल्यासारखीच धरली जाते आणि सर्व्हिस गुपचूप सुरू होते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) ही फाइल आधीपासून असते, त्यामुळे तिथे अनेकांना हा प्रश्न कधी पडतच नाही.

पण ही फाइल राखते ते फक्त इन्स्टॉल आणि अपग्रेडचं दार. आत पूर्ण सिस्टिमडी चालणारा एलएक्ससी या प्रकारचा कंटेनर बूट होतो तेव्हा तिला कुणी विचारत नाही. ज्या जुन्या स्क्रिप्टला स्वतःचं युनिट (सिस्टिमडीची सर्व्हिस-फाइल) नाही, तिच्यासाठी सिस्टिमडीचा सिसव्ही-जनरेटर (सिसव्ही म्हणजे तीच जुनी पद्धत) बूटच्या वेळी युनिट तयार करून देतो. मी आधी आरसी२.डी या फोल्डरमधल्या, स्क्रिप्ट बूटला सुरू करणाऱ्या लिंक हाताने उडवायचो. पुढच्या अपग्रेडला पॅकेज त्या परत बनवायचं. आता सरळ 'सिस्टिमसीटीएल मास्क' करतो: सर्व्हिसचं नाव डेव्ह-नल या रिकाम्या फाइलकडे वळतं आणि अपग्रेडनंतरही तसंच राहतं. एकही जुनी स्क्रिप्ट नको असेल तिथे ईटीसीतल्या सिस्टिम-जनरेटर्स फोल्डरमध्ये जनरेटरच्याच नावाने डेव्ह-नलची लिंक टाकतो. सिस्टिमडीच्या २५४ व्या आवृत्तीने, म्हणजे २०२३ मध्येच, सिसव्ही स्क्रिप्टचा आधार कालबाह्य ठरवला आहे, त्यामुळे ही सवय लावून घेतलेली बरी.

आता चूक. बिल्डसाठी ठेवलेली पॉलिसी-आरसी.डी मी एका एलएक्ससी कंटेनरमध्ये तशीच राहू दिली. सहाव्या महिन्यात एसएसएच सर्व्हरचा सुरक्षा अपडेट आला. पॅकेज-मॅनेजर ॲप्टने काम फत्ते झाल्याचं सांगितलं, पॅकेजची आवृत्तीही नवी दिसत होती. सहज प्रॉक फोल्डरमध्ये जाऊन चालू सर्व्हर-प्रोसेसची एक्झी लिंक (ती कोणत्या फाइलवरून चालते ते दाखवणारी) पाहिली, तर शेवटी कंसात 'डिलीटेड'. म्हणजे डिस्कवर नवा सर्व्हर आणि मेमरीत तोच जुना, भोक असलेला. रीस्टार्टलाही १०१ मिळालं होतं. मनाई झाली तरी इन्व्होक-आरसी.डी एरवी यशाचाच कोड परत देतं, त्यामुळे ॲप्टला काही खटकलंच नाही. लॉगमध्ये 'डिनाईड एक्झिक्यूशन ऑफ रीस्टार्ट' ही ओळ होती, पण बाकीच्या आउटपुटमध्ये ती माझ्या नजरेतून निसटली. अकरा दिवस मी निर्धास्त होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून एकच प्रोसेस चालवणाऱ्या कंटेनरमध्ये फाइल कायम ठेवतो, कारण तिथे अपडेट म्हणजे नवी इमेज. सिस्टिमडीवाल्या कंटेनरच्या बिल्डमध्ये ती पुसणं ही शेवटची पायरी आहे, आणि त्यानंतर ती उरली असेल तर बिल्ड फेल होतो.