टुटीफ्रुटी नसलेला नाताळचा केक: डिसेंबर ते ईस्टरचा अनुभव

आमच्या ओळखीच्या भट्टीवरून आणलेल्या या केकला डिसेंबरात मी पाचपैकी दोन गुण दिले होते. ते मागे घेतेय. शेवटचा तुकडा ईस्टरच्या दुपारी संपला आणि आता माझं मत पूर्ण बदललं आहे.

आधी माझी फूटपट्टी सांगते, म्हणजे मी कशाशी तुलना करतेय ते कळेल. आमच्या घरी गणपती उठले की बरणी भरायची. काळे मनुके, बेदाणे, खजूर, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, काजूचे तुकडे, आणि सगळं बुडेल एवढी ओल्ड मंक. नोव्हेंबर संपताना आई साखर करपवायला बसायची. लवकर उतरवली तर केक फिका होतो, क्षणभर जास्त ठेवली तर कडू, म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. घरी ओव्हन नव्हता. मिश्रणाचे डबे नावाच्या चिठ्ठ्या लावून कॅम्पातल्या भट्टीवर जायचे, नानकटाईचे ट्रे निघाले की मागून आमचे केक मंद आचेवर लागायचे. करंज्या-चकल्या नगरच्या आजीकडून यायच्या, पण केक आईचाच. दोन वर्षांपूर्वी तिची मनगटं संधिवाताने धरली आणि बरणी रिकामी राहिली. मला ते मिश्रण फेटणं जमत नाही, दोनदा केक मधोमध बसला. म्हणून विकतचा शोध.

मागच्या नाताळात चार केक आणले.

पहिला मोठ्या कंपनीचा, पॅकबंद, ४०० ग्रॅम, ३५० रुपये. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून मी मागची बाजू आधी वाचते. साखर, मैदा, पामतेल, आणि त्यानंतर ‘फळं’. ही फळं म्हणजे टुटीफ्रुटी, म्हणजे पाकात उकळून रंगवलेली कच्ची पपई. मी १०० ग्रॅमचा तुकडा घेतला, ताटलीत कुस्करला आणि वेचून काट्यावर ठेवला. टुटीफ्रुटी १९ ग्रॅम, मनुके ६ ग्रॅम, काजू एक अर्धुक. पाकिटावर मात्र ‘रिच प्लम’! जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे मनुका-बेदाणेच, आलुबुखार नव्हे, त्यामुळे आलुबुखार नाही याची तक्रार मी करत नाही. पण मनुका तरी घाला. पपईला ना आंबटपणा, ना वास, ती रम शोषत नाही आणि दाताखाली रबरासारखी लागते. लाल-हिरवी-पिवळी दिसते म्हणून लोक खुश होतात. बनपावात घाला, माझी हरकत नाही. नाताळच्या केकच्या भावात पपई विकली जाते याचा मला मनापासून राग आहे, आणि सहा महिन्यांनीही तो तेवढाच आहे.

दुसरा एका नावाजलेल्या बेकरीचा, किलोला १,४०० रुपये. मऊ, लोण्याचा, चवीला खरंच छान. नवव्या दिवशी खालच्या बाजूला पांढरी बुरशी. फोन केला तर ‘फ्रिजमध्ये ठेवायचा ना मॅडम’. डब्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोटो पाठवले, तीन फोन केले, शेवटी पुढच्या खरेदीत २०० रुपये सूट देऊ म्हणाले. पुढची खरेदी होणार नाही. फळांच्या केकला नऊ दिवसांत बुरशी येते याचा अर्थ त्यात पाणी जास्त, फळ आणि साखर कमी.

तिसरा ऑफिसमधल्या सहकाऱ्याने कोलकात्याहून आणला, न्यू मार्केटमधल्या नाहूम बेकरीचा. १९०२ पासूनचं बगदादी ज्यू कुटुंबाचं नाव आहे ते. सुंदर होता. पण दर वर्षी कोलकात्याहून कुणी येईलच असं नाही.

चौथा म्हणजे हा. आमचे डबे जिथे जायचे त्याच गल्लीतली भट्टी, आता भट्टीवाल्यांचा मुलगा चालवतो. नाव लिहू नका म्हणाला, कारण तो मोजकेच केक करतो आणि डिसेंबरात नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. किलोला १,३०० रुपये. आईचा हिशेब मी काढला तर घरचा किलोमागे साधारण ९०० ला पडायचा, म्हणजे ४०० जास्त. त्यात रात्र जागणं आणि मनगटं वाचतात.

२३ डिसेंबरला आणला, २४ ला कापला. कोरडा वाटला, रमचा वास नाकात गेला, साखर कडवट, लवंग जास्त. टुटीफ्रुटी एकही नव्हती, म्हणून निदान दोन गुण. उरलेला जवळजवळ पाऊण किलो टाकवेना. बटर पेपरात गुंडाळला, वरून फॉइल (फॉइल थेट लावू नये, फळांच्या आंबटपणाने ती खराब होते), आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. दर रविवारी चमचाभर रम.

फेब्रुवारीत पाहुण्यांसाठी डबा उघडला. सुरी घातली तर तुकडा गच्च, ओलसर, एकही कण सुटला नाही. फळांतला ओलावा हळूहळू केकभर पसरला होता, कडवटपणा मागे गेला होता, रमचा वास आता मनुक्यांतून येत होता. तेव्हा लक्षात आलं की आई केक नोव्हेंबरात भाजायची आणि नाताळपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मी भट्टीवरून आणून दुसऱ्या दिवशी कापला होता. चूक केकची नव्हती.

मार्चमध्ये पुन्हा वजन केलं. १०० ग्रॅमच्या तुकड्यात फळं आणि सुकामेवा ५२ ग्रॅम.

ईस्टरला शेवटचा तुकडा आईला दिला, कुठला ते सांगितलं नाही. तिने चघळत विचारलं, “जायफळ नाही घातलं का?” मग थोड्या वेळाने, “साखर मात्र नीट करपवलीय.” आईकडून साखरेबद्दल एवढं ऐकायला मला तीस वर्षं लागली असती.

आता साडेचार गुण. अर्धा लवंगेसाठी कापला. या वर्षी एक किलोचे दोन सांगून ठेवलेत, लवंग निम्मी आणि जायफळ घालून. नोव्हेंबरच्या १५ तारखेला उचलणार आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत उघडणार नाही.