पद्मपाणी की लग्नचौक? बैठकीच्या भिंतीसाठी चित्र निवडताना

कानबाईच्या रोटांआधी (खानदेशातला श्रावणातला सण) घर रंगवायला काढलं, की बैठकीची एक भिंत चित्रासाठी ठेवावी असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. मग अजिंठ्याचा पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व काढावा, की वारली लग्नचौक, इथे गाडी अडते.

पद्मपाणीत सगळं एका आकृतीभोवती फिरतं. देह त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी बाक घेतलेला, उजव्या हातात नीलकमळ, नजर खाली. बाजूची माणसं मुद्दाम लहान. मागे ठोकळ्यांसारखे डोंगर, त्यांत माकडं, मोर, किन्नर (अर्धे माणूस, अर्धे पक्षी). एवढी सगळी गजबज, आणि मधोमध हा एकटा शांत. त्याची करुणा या गजबजीमुळेच जाणवते. नकला करणारे नेमकं तेच गाळतात: चेहरा, मुकुट, कमळ आणि मागे काळा रंग. मग खाली झुकलेली ती नजर कुणासाठी, हेच कळत नाही. म्हणून डोंगरासकट काढून घ्या, आणि भिंत निदान चार बाय पाच फूट तरी द्या. त्याहून लहान जागेत माकडांचे नुसते ठिपके होतात. अंगावर एका बाजूने सावली टाकू देऊ नका. मुळात उठाव गडद-फिकट छटांनी आणलाय, नाकावर उजळ रेघ आहे.

लग्नचौकात मागचं-पुढचं असं काही नसतं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस होतो, आणि झाड त्याच्याहून उंच. मधल्या चौकटीत पालघट, उगवत्या हिरवाईची देवी. परंपरेने लग्नघरी सुवासिनी हा चौक काढतात. पालघट वगळून नुसता तारपा नाच (तारपा वाद्यावरचा गोल नाच) काढला तर चित्र छान दिसेल, पण तो चौक नव्हे. पट्टी लावून रेघा मारल्या तर नाचणारी माणसं ताठरतात.

चौकामागच्या भिंतीचा गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर टेकणाऱ्याच्या पाठीला लागतो. त्यात डिंक हवाच. रेघांच्या तांदळाच्या पिठाला किडे लागतात, त्यामुळे घरात पांढरा ॲक्रिलिक बरा.

बैठकीत माणसं दहा फुटांवरून बघणार असतील तर आमचं मत चौकाला: पांढरी रेघ लांबूनही वाचता येते, खर्चही कमी. पद्मपाणी जवळ उभं राहून बघायच्या भिंतीवर, निवांत खोलीत.

तो ठरला तर आधी १ नंबरचं लेणं बघून या. जळगावहून जेमतेम ६० किलोमीटर, सोमवारी बंद. गाभाऱ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला पद्मपाणी आहे. तिथे आधी डोंगरातली माकडं शोधा, चेहरा नंतर बघा.