क्रिएटिनिन विचारणारं मेडिकल, जळगाव

जिल्हा पेठेतल्या या मेडिकलमध्ये साठीपुढचा किंवा मधुमेहाचा पेशंट आला, की फार्मासिस्ट गोळ्या काढायच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या रक्तातल्या कचऱ्याचा, रिपोर्ट मागतो. मग वय, वजन घेऊन किडनी किती काम करते याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राचा हिशोब: १४० मधून वय वजा, त्याला वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणायचं.

हा खटाटोप कशाला? कारण क्रिएटिनिन १.४ असेल तर चाळिशीच्या, ७० किलोच्या गड्याचा क्लिअरन्स (किडनीची रक्त साफ करण्याची गती) मिनिटाला ६९ मिली निघतो आणि सत्तरीच्या, ४५ किलोच्या आजीचा जेमतेम २७. तिला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ६२५ ही अँटिबायोटिक गोळी दिवसातून तीनदा लिहिलेली असेल तर इथून डॉक्टरांना फोन जातो. क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर ती दोनदाच पुरते. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिनही तसंच. शरीरात साठत जातं, पेशंट पेंगतो, तोल जातो आणि घरचे म्हणतात, वय झालं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनला मात्र ते रिपोर्टवरचा ईजीएफआर (लॅबने काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज) बघतात, तो ३० च्या खाली असला की गोळी थांबवायला सुचवतात. डोस स्वतःच्या मनाने बदलत नाहीत, डॉक्टरांच्या होकारानंतरच चिठ्ठीवर नोंद करतात. हे बरोबरच आहे.

सगळ्यात आवडलं ते डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीला ठाम नकार देणं. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना वर ही गोळी पडली, की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्यात खान्देशातला मे महिना, शेतातून घामाघूम होऊन, अंगातलं पाणी कमी होऊन आलेला माणूस. गिऱ्हाईक चिडतं, तरी पॅरासिटामॉलच हातात पडते.

उणिवा आहेतच. वजन तोंडी विचारतात. दुकानात काटा ठेवायला काय जातं? सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्टही चालवून घेतात. जुलाब-उलट्यांनी क्रिएटिनिन रोज चढत असेल तेव्हा हे सूत्र किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतं, पण तो प्रश्न कुणी विचारत नाही. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर पोऱ्याच असतो, तेव्हा रिपोर्ट वगैरे काही नाही.

पाचपैकी चार. जायचं तर सकाळी जा. ताजा रिपोर्ट, आयुर्वेदिक धरून चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, आणि डायलिसिस चालू असेल तर वार सांगा. काही गोळ्या त्या दिवशी डायलिसिस झाल्यावरच घ्यायच्या असतात.