माउसपेक्षा आधी उंची बघा: कीबोर्ड-ट्रे, उभा माउस आणि छोटा कीबोर्ड वापरल्यानंतरचा अनुभव

माझं काम दिवसभर टायपिंगचं आणि माउसचं. संध्याकाळपर्यंत उजवं मनगट भरून यायचं, कोपराखाली बाहेरच्या बाजूला सतत ठुसठुसायचं. म्हणून तीन गोष्टी घेतल्या: टेबलाखाली बसवायचा सरकता कीबोर्ड-ट्रे, उभा माउस आणि नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा भाग) नसलेला छोटा कीबोर्ड. कित्येक महिने रोज वापरून आता ठाम सांगते, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही त्या ट्रेनेच सगळ्यात जास्त फरक पडला.

बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटीमीटर उंच असतात. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाने पाय जमिनीला टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली की खांदे वर उचलले जातात आणि मनगट मागे वाकतं. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. ट्रेमुळे कीबोर्ड मांड्यांच्या जरासा वर येतो, कोपर काटकोनापेक्षा किंचित उघडं राहतं आणि खांदे आपोआप सैल पडतात. ट्रेची पलीकडची कड थोडी खाली झुकवता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. कीबोर्डच्या मागचे पाय उघडले की मनगट आणखी वाकतं, त्यामुळे ते कायम बंद ठेवा. मनगटातल्या कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह ही हाताकडे जाणारी नस जातात. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की आतला दाब वाढतो आणि तो त्या नर्व्हला सोसावा लागतो.

छोट्या कीबोर्डचा फायदा बोटांपेक्षा खांद्याला झाला. नंबरपॅड गेल्यामुळे माउस हाताशी आला, हात सतत बाहेर ताणून धरावा लागत नाही. आकडेमोडीचं काम खूप असेल तर वेगळा नंबरपॅड घेऊन डावीकडे ठेवा.

आता उभा माउस. साध्या माउसवर तळहात जमिनीकडे वळवून धरावा लागतो, तेव्हा हाताची दोन हाडं एकमेकांवर तिरपी येतात. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो आणि हा पीळ बराच कमी होतो. कोपराखालची ठुसठुस त्यानेच उतरली असं मला वाटतं. पण त्रुटीही आहेत. क्लिक आडव्या दिशेने होतं, म्हणून बारीक जागी क्लिक करताना माउस अंगठ्याकडे सरकतो. अंगठ्याने तो धरून ठेवायला लागलात तर दुखणं फक्त जागा बदलतं. करंगळी मॅटवर घासते, खाली कड असलेलं मॉडेल घेतलंत तर हा त्रास होत नाही. आकार मात्र हातात धरूनच निवडा. मोठा माउस छोट्या हातात आला की बोटं सतत ताणलेली राहतात. फोटो एडिटिंगसाठी मी अजून साधाच माउस काढते.

मऊ रिस्ट-रेस्टबद्दल, म्हणजे कीबोर्डपुढे ठेवायच्या मनगटाच्या उशीबद्दल, माझं मत फारसं चांगलं नाही. टायपिंग थांबवल्यावर तळव्याचा खालचा भाग टेकवायला ठीक आहे, पण टाइप करताना त्यावर मनगट दाबून ठेवलं तर दाब नेमका नको तिथे पडतो.

आणि हे सगळं घेऊनही तासन्‌तास न हलता बसलात तर उपयोग नाही. मी दर अर्ध्या तासाने गजर लावते, हात खाली सोडते, उठते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल किंवा हातातून वस्तू सुटत असतील, तर खरेदी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं जुनं झालं की बरं व्हायला खूप वेळ लागतो.

ट्रे घेणार असाल तर टेबलाखाली वाकून बघा. मध्ये आडवी पट्टी किंवा ड्रॉवर असेल तर रूळ बसत नाहीत, आणि लाकूड पातळ असेल तर स्क्रू वरून बाहेर येतात. रुंदीही मोजा, ट्रेवर माउसला जागा हवीच. माउस वर टेबलावर राहिला, तर खांदा पुन्हा उचललेलाच राहतो.