मंबल: दिसायला जुनाट, ऐकायला चोख

काउंटर-स्ट्राइक हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम. तो खेळणाऱ्या आमच्या टोळीत मी साताऱ्याची, दादा जर्मनीत, मावसभाऊ नाशकात आणि उरलेले दोघे पुण्यात. खेळताना एकमेकांशी बोलायला आम्ही सगळे मंबल हे व्हॉइस चॅटचं ॲप वापरतो. कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "डिस्कॉर्ड असताना हे कशाला?" डिस्कॉर्ड म्हणजे गेम खेळणाऱ्यांचं बोलायचं दुसरं लाडकं ॲप. तरी मंबल कशाला, तेच लिहिते. विंडोजमधल्या आवाजाच्या सेटिंगबद्दलही लिहावं लागणार, कारण तिथे घोळ असला तर कुठलंही ॲप घ्या, शत्रूची पावलं ऐकू यायची नाहीत.

मंबल २००५ पासून आहे. थोर्वाल्ड नाटविग यांनी ते सुरू केलं. फुकट, सोर्स कोड खुला, जाहिरात नाही, आणि चेहरामोहरा अजून त्याच जमान्यातला. एका बाजूला संदेशांची नोंद, दुसऱ्या बाजूला चॅनेलचं झाड, प्रत्येकाच्या नावापुढे ओठांचं चित्र. माणूस बोलला की त्याचे ओठ रंगतात. बस्स. स्टिकर नाहीत, स्क्रीन दाखवायची सोय नाही, व्हिडिओ नाही. ज्यांना खेळताखेळता एकमेकांची स्क्रीन बघायची असते त्यांनी इथेच थांबावं, त्यांच्यासाठी डिस्कॉर्डच बरं.

मंबलची खरी करामत म्हणजे आवाज पोचायचा वेग. गेल्या दिवाळीत मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला होता आणि शेजारच्या खोलीत बसून खेळत होता. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकमेकांकडे पोचवणारं मशीन, घरातच, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर. तो "मागे, मागे!" असं ओरडला की भिंतीतून आणि हेडफोनमधून आवाज जवळजवळ एकदमच यायचा. मग हौसेने आम्ही अजून दोन ॲप लावून बघितली. त्यांत भिंतीतला "मागे" आधी यायचा आणि हेडफोनमधला मागून, प्रतिध्वनीसारखा. त्यातलं बरंच अंतर आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन परत येण्यातलं, हे मान्य. पण काउंटर-स्ट्राइकमध्ये तेवढ्यात माणूस मरतो. कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत, म्हणाल तर मंबल आणि डिस्कॉर्ड दोघेही ओपसच वापरतात, २०१२ साली प्रमाणित झालेला. म्हणजे फरक तिथे नाही. मंबलमध्ये इंटरनेटवरून जाणाऱ्या एका पॅकेटात, म्हणजे पुडक्यात, किती आवाज भरायचा हे आपल्या हातात असतं, अगदी १० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येतं, आणि सर्व्हर कुठे ठेवायचा हेही आपणच ठरवतो.

पहिल्यांदा उघडलं की ऑडिओ विझार्ड सुरू होतो. लोक तिथे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतात. तसं करू नका. माइकच्या पातळीची पट्टी येते, तिच्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन भाग. लाल म्हणजे शांतता, हिरवा म्हणजे नक्की बोलणं. आपल्याकडे शांतता म्हणजे पाचावर फिरणारा पंखा. तेव्हा पंखा चालू ठेवूनच ही पट्टी लावा, आणि खेळताना ज्या आवाजात बोलता त्याच आवाजात बोला. विझार्डसमोर सगळे मुलाखतीला बसल्यासारखे हळू बोलतात आणि नंतर सामन्यात किंचाळतात. पंख्याची घरघर नव्या आवृत्त्यांतलं आरएनएनॉइज हे गोंगाट गाळणारं तंत्र बऱ्यापैकी खातं. कुकरची शिट्टी मात्र त्यातूनही थोडीफार निसटते, म्हणून मी सरळ बटण दाबून बोलते. माउसच्या अंगठ्याजवळचं बटण त्यासाठी राखून ठेवलंय. इथे एक गोम आहे. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि मंबल साधं, तर गेम समोर असताना ते बटण मंबलपर्यंत पोचतच नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवायची.

माइकची दांडी ओठांच्या बरोबर समोर नको, तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला आणि जरा खाली. मग 'प', 'फ', 'भ' म्हणताना समोरच्याच्या कानात फुंकर जात नाही. आमच्या एका पुणेकराला हे सांगून सांगून मी थकले, शेवटी त्याच्या नावावर राइट क्लिक करून त्याचा आवाज माझ्यापुरता काही डेसिबल खाली आणला. दादा पुटपुटतो, त्याचा वर नेला. ही सोय फार कामाची.

आता विंडोज. व्हॉइस चॅट सुरू झालं की गेमचा आवाज एकदम बसतो, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की बोलायची सोय नाही. लोक नवीन हेडफोन आणतात! अहो, साउंडच्या जुन्या खिडकीत, जी रनमध्ये 'एमएमसिस डॉट सीपीएल' टाइप केलं की उघडते, 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. संभाषण चालू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, असं तिथे मुळातच ठरवलेलं असतं. कॉल सेंटरला ठीक आहे. खेळणाऱ्याने 'डू नथिंग' निवडायचं. मंबलच्या आउटपुट सेटिंगमध्येही दुसऱ्या ॲपचा आवाज दाबायची सोय आहे, तीही मी बंद ठेवते.

दुसरा घोळ ब्लूटूथचा. गाणी ऐकताना झकास वाजणारा वायरलेस हेडसेट माइक चालू होताच जुन्या टेलिफोनसारखा का वाजतो? कारण जुन्या ब्लूटूथच्या पद्धतीत चांगला स्टिरिओ आणि माइक एकत्र चालत नाहीत. माइक लागला की हेडसेट हँड्स-फ्रीवर जातो, आवाज मोनो होतो आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. मोनोमध्ये पावलं डावीकडून आली की उजवीकडून, हे देवालाच ठाऊक. तेव्हा वायरचा घ्या, किंवा स्वतःचा यूएसबी डाँगल असलेला वायरलेस. वायरच्या हेडसेटला एकच पिन असेल आणि कॉम्प्युटरला हिरवं-गुलाबी अशी दोन भोकं असतील तर दुभागणारी वायर लागते. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शंभर-दीडशेत मिळते. मागताना हेडफोन आणि माइक वेगळे करणारी मागा. नाहीतर दुकानदार दोन हेडफोन जोडायची हातात ठेवतो, दिसायला दोन्ही सारख्याच.

आणि माइकमध्ये 'हुंऽऽ' असा गुणगुणाट येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष बहुतेक घराच्या अर्थिंगचा, हेडसेटचा नव्हे. वायरमन येईपर्यंत एखादं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड वापरून बघावं, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

गेममध्ये फार हात घालायची गरज नाही. काउंटर-स्ट्राइक २ हेडफोनसाठी दिशेचा हिशोब स्वतःच करतो. त्यावर विंडोजचा स्पेशियल साउंड आणि हेडसेटचा ७.१ सराउंड चढवला की चहात दोनदा साखर पडल्यासारखं होतं. दोन्ही बंद, साधा स्टिरिओ. ईक्यू प्रोफाइल, म्हणजे कुठले सूर उठावदार ठेवायचे ते, मी 'क्रिस्प' ठेवते, पावलं उठून येतात. मेनूचं आणि फेरी सुरू होतानाचं संगीत शून्यावर, दहा सेकंदांचा इशारा मात्र थोडा हवा.

मंबलची खरी डोकेदुखी सर्व्हरची. घरचा सर्व्हर बाहेरच्यांना दिसायला राउटरमध्ये ६४७३८ हा पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, उघडावा लागतो, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी. पण आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनांत इंटरनेट कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवते, मग पोर्ट उघडूनही उपयोग शून्य. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरा, सगळ्यांकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) असेल तर त्यावर जमवा, नाहीतर मुंबईतला एखादा छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या. आम्ही शेवटी भाड्याचा घेतला आणि वर्गणी काढतो. चार-पाच माणसांच्या बोलण्याला सगळ्यात लहान मशीनही पुरून उरतं. दादाला जर्मनीतून सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागतातच, त्याला मंबल काय करणार.

नवख्या माणसाला आत घेणंही सोपं नाही. नुसती लिंक पाठवली की झालं असं होत नाही, त्याला आधी प्रोग्रॅम उतरवावा लागतो, पत्ता टाकावा लागतो, विझार्ड पार करावा लागतो. आईला सुट्टीत दादाशी बोलायला यावर आणायचा विचारसुद्धा मी केला नाही. रोज नवे लोक गोळा करून खेळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ठरलेली टोळी असेल तर एका रविवारी बसून सगळ्यांचं लावून टाका, पुढे त्याच्याकडे बघावंही लागत नाही.

अँड्रॉइड फोनवर मुम्ला नावाचं ॲप याच सर्व्हरला जोडता येतं. वीज गेली की आमचा नाशिककर त्यावरून बोलत राहतो, गेममध्ये मेलेला असला तरी. आणि नोंदणी केलेलं नाव इथे पासवर्डवर नाही, सर्टिफिकेटवर, म्हणजे कॉम्प्युटरवर साठवलेल्या ओळखीच्या फाइलवर, चालतं. विंडोज नव्याने टाकायच्या आधी ते एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर ॲडमिनला फोन करावा लागेल. आमच्याकडे ॲडमिन मी आहे, आणि सप्टेंबरात ऑडिटच्या गडबडीत मी फोन उचलत नाही.