कॅमेऱ्यानं कन्नड वाचणारं अ‍ॅप: आठ महिने वापरल्यावर

आमच्या शेतात आठ हत्ती आहेत, हे मला या अ‍ॅपनं सांगितलं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं थोडं भातशेत आहे. वाटणीचं बोलणं निघालं म्हणून दिवाळीनंतर पहाणी काढली. पहाणी म्हणजे पलीकडं कोल्हापुरात ज्याला सातबारा म्हणतात, तेच. सरकारची ‘भूमी’ योजना आल्यापासून कर्नाटकातले हे उतारे कॉम्प्युटरवर असतात, घरबसल्या निघतात. पण निघतात कन्नडात. फोन कागदावर धरला, मराठी निवडलं, आणि क्षेत्राच्या रकान्यात आलं: १ एकर ३२ गुंठे ८ हत्ती.

इथल्या मोजणीत गुंठ्याच्या खाली आणे असतात, सोळा आण्यांचा एक गुंठा. कन्नडात ‘आणे’ म्हणजे आणा आणि ‘आने’ म्हणजे हत्ती. ण चा न झाला आणि आमचा अर्धा गुंठा सोंड हलवत उभा राहिला. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आठ? गेल्या साली एकच आल्ता, तर निम्मं भात तुडवून गेला."

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. अशी दोन-तीन अ‍ॅपं मी आलटून पालटून वापरली, सगळी साधारण एकाच वकुबाची आहेत. पैसे पडत नाहीत. फोनही मधल्या किमतीचा, तीन वर्षं जुना.

माझी अडचण आधी सांगतो, म्हणजे कुणाला हे उपयोगी पडेल ते कळेल. मी बेळगावचा, शहापूर भागातला, शिक्षण मराठी माध्यमात. शाळेत कन्नड विषय होता, पण तो पस्तीस मार्कांपुरता. उद्यमबागेत एका मशीन शॉपवर कामाला आहे, तिथं दिवसभर कन्नड कानावर असतं आणि माझ्या तोंडातही. भाजीवालीशी भाव करतो, कामावर भांडतोही कन्नडातून. फक्त वाचता येत नाही. अक्षरं बघितली की सगळी गोल गोल, जिलब्या मांडल्यासारखी. आईचंही तसंच. तिचं कन्नड तर माझ्याहून चांगलं, पण कागद आला की ती तो दुसऱ्याच्या हातात देते. आमच्या गल्लीत अशी माणसं घरटी एक तरी निघतील.

त्यात २०२४ च्या कायद्यानं दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड आलं. त्या वादात मी इथं शिरत नाही, त्यासाठी चहाची टपरी आहे. गणपत गल्लीतली दुकानं मला तशीही तोंडपाठ आहेत, पाटी पुसली तरी सापडतील. अडतं ते नव्या जागी, आणि कागदावर.

पहिली कसोटी बस स्टँडवर झाली. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली आणि बायकांना साध्या बसला तिकिटाचे पैसे लागेनासे झाले, तेव्हापासून आईचं माहेरी जाणं वाढलंय. मध्यवर्ती स्टँडवर बस आली की ती मला फोन काढायला लावते. चालू कॅमेऱ्यातून बोर्ड वाचायचा प्रकार मात्र साफ फसला. बस हलते, काचेवर ऊन, आणि पडद्यावरचे शब्द दर सेकंदाला बदलतात. खानापूरचं एकदा ‘खान शहर’ झालं, नंदगडचं ‘नंदाचा किल्ला’. मी फोन स्थिर धरेपर्यंत कंडक्टरनं "खानापूर, खानापूर" असं दोनदा ओरडून घंटी मारलेली असते. आता मी फोटो काढतो आणि फोटोवर अ‍ॅप चालवतो. त्यानं फरक पडतो. बोर्ड सरळ समोरून घ्यायचा, तिरका घेतला तर निम्मी अक्षरं गळतात.

अक्षरं गळतात याचं कारण मला मुलीकडून कळलं. ती चौथीत आहे, कन्नड शिकतेय. मराठीत जोडाक्षर शेजारी शेजारी चिकटतं, कन्नडात दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी लहान होऊन बसतं. त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. रफार आपल्याकडं डोक्यावर, त्यांच्याकडं अक्षराच्या मागं. हातानं रंगवलेल्या पाटीवर पावसानं आधी खालचा रंग जातो, म्हणजे नेमकं ते पायाशी बसलेलं अक्षर जातं. आमच्या वाटेवर एक ‘हिट्टिन गिरणि’ आहे. हिट्टु म्हणजे पीठ, गिरणी आपलीच. पायाचा ट उडाल्यामुळं अ‍ॅपनं ते ‘हिट गिरणी’ असं वाचलं. मी तिथं वर्षानुवर्षं दळण नेतोय.

छापील मजकूर मात्र बरा वाचतं. मोठ्या अक्षरातली नोटीस, शाळेचं पत्रक, औषधाच्या दुकानातला फलक यात दहातली आठ वाक्यं कळण्याइतकी येतात. लाईट बिलात गोची होते, कारण ते पातळ कागदावरचं छापणं महिनाभरात उडून जातं. गृहज्योती या मोफत विजेच्या सरकारी योजनेमुळं बिल बहुतेक वेळा शून्य असतं, म्हणून कुणी निरखून बघत नाही. पण २०२२-२३ सालच्या सरासरीवर आणखी दहा टक्के (वापर कमी असेल तर दहा युनिट), आणि जास्तीत जास्त २०० युनिट, असा त्यातला हिशेब आहे. मे महिन्यात कूलर चालला की वापर त्याच्या पुढं जातो, आणि तेव्हाच बिल वाचायची पाळी येते.

आता जेवणाकडं. जानेवारीत सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो होतो. येताना बैलहोंगलच्या अलीकडं एका खानावळीत शिरलो. भिंतीवर खडूनं लिहिलेली यादी. अ‍ॅपनं दिलेलं भाषांतर जसंच्या तसं:

ज्वारीची ब्रेड.
तेल जखम.
शेंगदाणा पेंड.

माझी बायको पेंड वाचून उठायच्याच बेतात होती, आमच्याकडं ती म्हशीला घालतात. प्रत्यक्षात ताटात आलं ते असं: हाताएवढी पातळ जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, एक कडक आणि एक मऊ. एण्णेगायि, म्हणजे भरलं वांगं, तीळ-शेंगदाण्याच्या वाटणात, वर तेलाची तार. कन्नडात ‘एण्णे’ तेल आणि ‘गाय’ म्हणजे जखम, एवढ्यावर अ‍ॅप मोकळं झालं होतं. आणि शेंगा हिंडी म्हणजे आपली शेंगाची चटणी, लसूण घालून कुटलेली. ती इतकी चांगली होती की पावशेर बांधून घेतली. वांगं जरा जास्त तिखट होतं, पण ताक मागेल तेवढं मिळालं. खानावळीच्या पाटीवर काय होतं? ‘खानावळि’. त्याचं भाषांतर अ‍ॅपनं ‘भोजन कक्ष’ केलं.

तिथंच, भाकरी मोडता मोडता माझ्या डोक्यात उजेड पडला. मला भाषांतर नकोच होतं. कन्नड मला कळतं. मला कुणीतरी ती यादी फक्त वाचून दाखवायला हवी होती. एण्णेगायि हा शब्द कानावर पडला असता तर मी अ‍ॅपच्या आधी ऑर्डर दिली असती.

त्या दिवसापासून मी मराठीकडं बघणं जवळजवळ सोडलं. फोटो काढायचा, मजकूर निवडायचा, आणि मूळ कन्नडाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं ते दाबायचं. एक बाई तो मजकूर कन्नडातून वाचून दाखवते. बस, एवढंच. माझ्यासारख्यानं, ज्याला बोलता येतं आणि वाचता येत नाही, त्यानं हे अ‍ॅप असंच वापरावं. ज्याला कन्नड अजिबात कळत नाही, पुण्याहून इकडं बदली होऊन आलेला कुणी, त्याला भाषांतराशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यानं हत्ती-जखमांची तयारी ठेवावी.

ऐकायला लागल्यावर आणखी एक गंमत दिसली. सरकारी कन्नड आपल्याला निम्मं आधीच येत असतं. पावसाच्या तोंडावर जांबोटीकडं चाललो होतो, रस्त्यात फलक: ‘मुंदे रस्ते कामगारि नडेदिदे, निधानवागि चलिसि’. पुढं रस्त्याचं काम चाललंय, हळू जा. रस्ता आपला, कामगारी आपली. पहाणीतही खाते, जमीन, गुंठे, तहसीलदार, तकरार सगळं ओळखीचं. बसवर ‘वेगदूत’ लिहिलेलं असतं, ते ऐकल्यावर कुणाला सांगायला लागतंय? इतकी वर्षं मी त्या अक्षरांपुढून परक्यासारखा जात होतो आणि आत निम्मी आपलीच मंडळी बसली होती.

निम्मी फसवीही आहेत, तेवढं बघून घ्यावं. घाटात एक वाक्य जागोजागी असतं, ‘अवसरवे अपघातक्के कारण’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, अवसर म्हणजे संधी, संधी मिळाली की अपघात होतो? कन्नडात अवसर म्हणजे घाई. तसंच ‘अनुमान’ म्हणजे त्यांच्याकडं शंका. अशा ठिकाणी भाषांतर उपयोगी पडतं आणि घाईचं त्यानं बरोबर ‘घाई’च केलं, हे कबूल करायला हवं.

भाषांतर कुठं घसरतं याचाही अंदाज आता आलाय. कन्नडातून थेट मराठीत न येता ते इंग्रजीच्या दारातून येत असावं असा माझा संशय आहे. पहाणीत ‘फूट खराब’ असा रकाना असतो. आपण पोटखराब म्हणतो ते. त्यात अ म्हणजे लागवडीला न येणारी जागा, खडक वगैरे, आणि ब म्हणजे रस्ता, ओढा अशी सार्वजनिक कामाची. अ‍ॅपनं लिहिलं ‘पाय खराब’. इंग्रजीतला फूट मध्ये आल्याशिवाय पाय कुठून येईल? त्याच कागदावर जमिनीचा प्रकार ‘खुष्की’ होता, म्हणजे जिराईत, तिथं ‘आनंद’ आला. एकूण आमची जमीन आनंदी, पाय खराब, हत्ती आठ. काकांना पाठवलं, त्यांनी उलट विचारलं, "वाटणीत हत्ती कुणाला?"

तेव्हा जमिनीच्या, कोर्टाच्या, बँकेच्या कागदावर एकट्या अ‍ॅपच्या भरवशावर सही करू नका. मी पहाणी शेवटी तालुक्याच्या ठिकाणी एका लेखनिकाकडून वाचून घेतली, त्यानं दहा मिनिटांत सगळे रकाने समजावले. पासबुक आणि आधारचे फोटो मी या अ‍ॅपात घालत नाही, ते कुठं जातात याची मला खात्री नाही.

बोललेलं ऐकून भाषांतर करायची सोयही आहे. आमच्या भागात तिचा उपयोग शून्य. तिला पुस्तकी कन्नड पाहिजे. आमच्या शेजारच्या अक्का दारातून जाताना "यल्लि होंट्री?" असं विचारतात, कुठं निघालात. शेवटचा ‘री’ मान द्यायला. हे अ‍ॅपला ऐकवलं तर त्यानं दोनदा विचार करून इंग्रजी ‘हंटर’सारखं काहीतरी लिहिलं. वाचून दाखवणाऱ्या बाईचा सूरही आमच्याकडचा नाही. आई म्हणते, "ही बेंगळूरची दिसतीय, हिला ‘री’ लावायला येत नाही." तरी तिच्याशी बोलते. मागं बाईनं सहकारी संघाची नोटीस वाचली, तारीख सांगितली, तर आई फोनला म्हणाली, "आयतु, आयतु." झालं, कळलं.

ऑफलाइनचं थोडक्यात. भाषेचा पॅक फोनवर उतरवून ठेवला तर नेटशिवाय भाषांतर चालतं, पण फोटोतलं वाचणं कमजोर होतं आणि बाईचा आवाज माझ्या फोनवर बंदच पडतो. मलप्रभेचा उगम बघायला कणकुंबीला गेलो होतो, तिथल्या रानात रेंज नव्हती. वनखात्याच्या फलकापुढं मी फोन वर धरून उभा, आणि गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी मराठीत विचारलं, "काय शोधतायसा?" त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण फलक कसला ते त्यांना पाठ होतं. पुढं जंगली जनावरं आहेत, संध्याकाळनंतर जाऊ नका.

बॅटरी खातं. फोन तापतो. आकडे कन्नडात असले तर ६ आणि ९ मध्ये अ‍ॅपचा नाही तर माझाच घोळ होतो, अ‍ॅप बरोबर असतं. शून्य आणि चार मला बघताच ओळखू येतात, ते आपल्यासारखेच आहेत.

पाचांत साडेतीन देतो. त्यातले तीन त्या बाईच्या आवाजाला.

काल लाईट बिल आलं. फोन चार्जिंगला लावला होता, तो आणायला मी उठलो. तेवढ्यात आईनं बिल माझ्या पुढ्यातून उचललं आणि गृहपाठ करत बसलेल्या मुलीसमोर धरलं. तिनं पेन्सिल न ठेवताच वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचलं, एका शब्दावर अडली, परत मागून अक्षरं जुळवली आणि पुढं गेली. आई प्रत्येक ओळीला मान हलवत होती.