स्टीअरिंग बदलून घेतलं आणि एअरबॅगच गायब! नागपूरकरांनो, वाचून घ्या

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय, पण बाकी सगळं लिहितो. जुनी गाडी हौसेने ठेवणारे नागपुरात आता बरेच झालेत, आणि हा प्रकार फक्त माझ्याच गाडीत झाला असेल असं मला अजिबात वाटत नाही.

माझी गाडी २०१० ची पोर्श बॉक्स्टर. पोर्श म्हटलं की लोकांना वाटतं बापाची कोळशाची खाण आहे, पण इतकी जुनी बॉक्स्टर नवीन फॉर्च्युनरपेक्षा स्वस्तात मिळते, रडवतो तो नंतरचा खर्च. मुंबईहून घेतली, नंबर अजून एमएच ०२ च आहे त्यामुळे बर्डीवर सिग्नलला उभा राहिलो की मुंबईचा पाहुणा समजून लोक फोटो काढतात. २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २५५ हॉर्सपॉवर, सात गिअरचा पीडीके म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सगळं एक नंबर, फक्त स्टीअरिंग सोडून.

तर या स्टीअरिंगची भानगड अशी की जगभर स्टीअरिंगच्या मागे गिअर बदलायची दोन पॅडल असतात, उजवीकडचं ओढलं की गिअर वर, डावीकडचं ओढलं की खाली. पण त्या काळात पोर्शने साध्या स्टीअरिंगवर बटणं दिली होती, अंगठ्याने पुढे दाबलं की गिअर वर, मागून बोटाने ओढलं की खाली, आणि दोन्ही हातांना तेच. वळणावर अंगठा चुकून लागला की गिअर भलताच पडतो. मालकांनी इतकी बोंब मारली की नंतर कंपनीने पॅडलवालं तीन दांड्यांचं स्पोर्ट स्टीअरिंग जास्तीचे पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. म्हणजे बटणवाल्या गाडीला पॅडलवालं स्टीअरिंग लावणं ही काही येड्याची हौस नाही, हा जगभर होत असलेला अपग्रेड आहे, आणि नेमकं इथेच या लोकांना गिऱ्हाईक सापडतं, कारण नवीन घ्यायला गेलं तर किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो.

इंस्टावर एक रील आली, आपल्या शहरातलंच कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान, एका जर्मन गाडीला फ्लॅट बॉटम म्हणजे खालून सपाट स्टीअरिंग लावून राहिले होते. मेसेज केला तर लगेच फोन. "साहेब ओरिजिनल दुबई कटिंगचा माल आहे, पॅडल, एअरबॅग सगळं कंपनीचं, एक पस्तीस लागतील, आणि तुमचा जुना सेट आम्हाला दिला तर वीस हजार कमी करून टाकतो." कटिंग म्हणजे बाहेरदेशी गाडी कापून तिचे सुटे पार्ट इकडे येतात तो माल, हा धंदा वर्षानुवर्षं चालतो आणि त्यात चांगला मालही मिळतो. वरून एअरबॅगसुद्धा बदलावी लागेल कारण नवीन स्टीअरिंगच्या मधल्या भागाचा आकार वेगळा, असं त्याने स्वतःहून सांगितलं. इतकं बारीक बोलणारा माणूस पाहिला की वाटतं याला काम येतं. अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिला, त्याने कच्च्या पावतीवर "स्टेरिंग विथ एअरबॅग, जुना सेट जमा" असं लिहून दिलं. ही पावती जपून ठेवली आहे, आज तीच कामाला येतेय.

बसवायच्या दिवशी दुकानात गेलो तर मालक तोंडात खर्रा धरून, मान वर करून बोलून राहिला, "साहेब, एअरबॅगचं काम आहे, बॅटरी काढून थोडा वेळ थांबावंच लागते, नाहीतर फुटते अंगावर, तुम्ही तर्री पोहा खाऊन या ना तोवर." आता यातली गंमत बघा, बॅटरी काढून थांबावं लागतं हे शंभर टक्के खरं आहे, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो. खऱ्या गोष्टीत खोटी अशी कालवली की वेगळी काढताच येत नाही.

परत आलो तर स्टीअरिंग लागलेलं. दिसायला काय मस्त, काळं लेदर, मधे घोड्याचं चिन्ह, मागे चकचकीत पॅडल. त्याने चावी फिरवली, डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाईट लागला आणि काही सेकंदांत विझला. "पाहा, लाईट गेला, म्हणजे सिस्टीम ओके. एरर असता तर लाईट राहिला असता." स्कॅनर पण लावून दाखवला, एकही फॉल्ट नाही. मी उरलेले पैसे दिले, जुना सेट तिथेच राहिला.

पूर्ण हिवाळा गाडी चालवली. समृद्धीवर १२० ची लिमिट आहे, तिथे कितीदा तरी गेलो, कधी बायको बाजूला, कधी भाचा. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

मग आला नागपूरचा उन्हाळा आणि त्याने जे पितळ उघडं पाडलं ते स्कॅनरलाही जमलं नव्हतं. एप्रिलमध्येच तळहाताला काळा रंग लागायला सुरुवात झाली, पांढरा शर्ट खराब झाला. दुकानवाला म्हणे नवीन लेदर आहे, सोडते थोडा रंग. नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा मधल्या कव्हरची खालची कड वर वळली आणि चिन्हावरच्या लॅकरला फुगे आले. उजवं पॅडल तर दहा वेळा ओढलं की सातदा चालायचं. जर्मनीत बनलेल्या पार्टला नागपूरचं ऊन लागतं हे मान्य, पण माझ्या गाडीचं बाकीचं प्लास्टिक पंधरा वर्षं ऊन खाऊन सरळ आहे ना!

माझ्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, जर्मन गाड्यांचं इलेक्ट्रिकल करतात, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी कव्हरवर अंगठा दाबून पाहिला आणि चूपच बसले. मग बॅटरी काढली, बराच वेळ थांबले, मागून स्क्रू सोडवून मधला भाग बाहेर काढला आणि सरळ माझ्या हातात ठेवला. "भाऊ, वजन पाहा."

वजनच नव्हतं. खऱ्या एअरबॅगच्या मागे धातूचा जाडजूड इन्फ्लेटर म्हणजे पिशवी फुगवणारा भाग असतो, घडी घातलेली कापडी पिशवी असते, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबरचं बारकोडवालं लेबल असतं, धोक्याच्या सूचना असतात. माझ्या हातात होतं एक रिकामं प्लास्टिकचं झाकण, आतून पिवळट फोम डिंकाने चिकटवलेला. आणि गाडीकडून येणारं जे पिवळं कनेक्टर आहे त्याच्या तोंडाशी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेले दोन बारके रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा देणारे पार्ट. टेप उन्हाने चिघळून बोटाला चिकटत होती. दोन का, तर या गाडीची ड्रायव्हर साईडची एअरबॅग दोन स्टेजची आहे, म्हणून दोन सर्किट, म्हणून दोन रेझिस्टर. म्हणजे करणाऱ्याला गाडीची पूर्ण माहिती होती, अडाणीपणाने झालेलं काम नव्हे हे.

आता लाईट का विझला ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच एका गोष्टीवर उभी आहे. एअरबॅग उडवणारी जी ठिणगी असते त्या इग्नायटरचा रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा साधारण दोन-तीन ओहम असतो. चावी फिरवली की कंट्रोल युनिट त्या तारेत फक्त एवढंच मोजतं, की रेझिस्टन्स बरोबर आहे की नाही. बरोबर असला की लाईट विझवतं. तारेच्या टोकाला खरी एअरबॅग आहे का काही रुपयांचा रेझिस्टर, हे त्याला कळतच नाही. स्कॅनर तेच कंट्रोल युनिट वाचतो, म्हणून तिथेही फॉल्ट नाही. उलट रेझिस्टर न लावता नुसतं झाकण लावलं असतं तर लाईट लागून राहिला असता आणि मी पहिल्याच दिवशी परत गेलो असतो. लाईट विझवण्यासाठी मेहनत घेतली, म्हणजे फसवायचंच होतं.

आणि माझी जुनी एअरबॅग गेली कुठे? अपघात होऊन एअरबॅग फुटलेली गाडी स्वस्तात उचलून, ठोकून-रंगवून विकणाऱ्यांना चांगली सेकंड हँड एअरबॅग पाहिजेच असते, कारण नवीन टाकली तर नफाच उरत नाही. माझ्या मते या सौद्यात स्टीअरिंग हे नुसतं निमित्त होतं, खरा माल माझ्याकडूनच गेला, वरून पैसेही मीच दिले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं.

उस्ताद म्हणाले नशीब समजा की रिकामी होती. मला आधी राग आला, पण त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेत एनएचटीएसए नावाची रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था आहे, तिने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला होता की अपघातानंतर एअरबॅग बदललेल्या गाड्यांमध्ये स्वस्तातले डुप्लिकेट इन्फ्लेटर बसवले गेले आणि नऊ महिन्यांत त्यामुळे तीन माणसं मेली. त्या गाड्यांत एअरबॅग उडाली, पण इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या छातीत, मानेत, तोंडात गेले. अपघात असा होता की एरवी माणूस वाचला असता. रिकामी एअरबॅग वाचवत नाही, डुप्लिकेट एअरबॅग मारते. कटिंगच्या नावाखाली तुम्हाला यातलं काय मिळतंय हे बाहेरून ओळखायला काहीच मार्ग नाही.

दुकानदाराकडे गेलो तर आधी म्हणे आम्ही लावलं तेव्हा एअरबॅग होती, तुमच्या त्या मेकॅनिकने काढली असेल. नशीब उस्तादांनी उघडतानाचा पूर्ण व्हिडिओ घेतला होता, तो दाखवल्यावर सूर बदलला, "माल वरून असाच आला असेल साहेब, आम्ही सीलबंद लावतो." माझा जुना सेट परत द्या म्हटलं तर तो विकला. कोणाला, ते रजिस्टरमध्ये नाही. पैसे परत मागितले तर पंधरा हजार घ्या आणि विषय संपवा. मी नाही म्हटलं आणि निघून आलो, त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता जे कोणी स्टीअरिंग बदलायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टीअरिंग घेताना आधी गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, आणि बसवण्याच्या आधी एअरबॅग उलटी करून तिच्या मागच्या लेबलचा फोटो घ्या. दुकानदार दाखवत नसेल तर तिथूनच घरी जा. बसवताना समोर उभं राहा, बॅटरी काढून थांबायचंय तर तुम्हीही थांबा. जुना सेट एक्स्चेंजमध्ये देऊच नका, कितीही कमी करत असला तरी. बिलावर दोन्हीचे सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि हे ऐकून कोणी उत्साहात घरी मल्टीमीटर घेऊन एअरबॅगचा रेझिस्टन्स मोजायला बसू नका, मीटरच्या करंटनेसुद्धा ती उडू शकते. जे बघायचं ते जाणकाराकडून. अजून एक, स्टीअरिंग काढलेलं असताना मागची क्लॉक स्प्रिंग म्हणजे रिबनसारखी तार असते ती फिरली तर नंतर तुटते आणि हॉर्न, बटणं, एअरबॅग सगळंच जातं. माझं उजवं पॅडल त्यामुळेच मरत होतं असं उस्तादांचं म्हणणं, काढताना ती फिरवून ठेवली होती.

ज्यांच्या गाडीत मुळातच एअरबॅग नाही, जुनी जिप्सी किंवा प्रीमियर पद्मिनी, त्यांना निदान ही भीती नाही, पण मोमोच्या नावाने तिथेही चुना लावतात. ही इटलीची कंपनी, जियानपिएरो मोरेत्ती या रेसरने १९६४ मध्ये स्वतःच्या गाडीसाठी स्टीअरिंग बनवून घेतलं तिथून सुरू झालेली. तिच्या स्टीअरिंगला सहा बोल्ट ७० मिलिमीटरच्या वर्तुळात असतात, नार्डी या दुसऱ्या कंपनीच्या स्टीअरिंगचे ७४ वर. बोल्टचं भोक घासून मोठं करून बसवणारे महाभाग मी पाहिलेत, तसं दिसलं की स्टीअरिंग ओरिजिनल असो की डुप्लिकेट, गाडी हलवू नका.

तक्रारीचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर आधी नोंद केली, मग वकिलामार्फत नोटीस, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. दोन वर्षांच्या आत टाकावा लागतो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोलिसांकडे वेगळा अर्ज दिलाय, फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, पण ठाण्यात "हे तुमचं आपसातलं आहे" पासून सुरुवात झाली, तिथे अजून चपला झिजवणं चालू आहे.

गाडी सध्या घरी कव्हर टाकून उभी आहे, बटणवालंच स्टीअरिंग आणि नवीन एअरबॅग बिलासकट मागवलीय, यायची आहे. एक काम तुमच्याकडून पाहिजे. गाडी घेताना जी तपासणी करून घेतली होती त्या रिपोर्टमध्ये माझ्या मूळ एअरबॅगच्या लेबलचा फोटो आहे, सिरीयल नंबर स्पष्ट दिसतो. गेल्या वर्षभरात कोणी नागपुरात किंवा आसपास पोर्शच्या बॉक्स्टर, केमन किंवा त्या काळातल्या ९११ ला सेकंड हँड एअरबॅग लावून घेतली असेल तर चांगल्या जाणकाराकडून तेवढं लेबल पाहून घ्या आणि मला कळवा, तुमचं नाव कुठे येणार नाही. त्या दुकानाची रील अजून चालूच आहे, परवा एका लाल गाडीला स्टीअरिंग लावून राहिले होते.